मुक्ताचा खजूर

हौशीराम जर्मनच्या लढाईत बसऱ्याला जाऊन आला होता, हे भुशी गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कुणाला ठाऊक नसलंच, तर हौशीराम स्वतः सांगायचा. लढाई संपून पंधरा-सोळा वर्षं उलटली. लोणावळ्याच्या बंगल्यांपुढं मोटारी उभ्या राहायला लागल्या, हौशीराम त्यातल्याच एका बंगल्यावर माळी म्हणून लागला, केस पिकले. पण संध्याकाळी पारावर टेकला की पाऊसपाण्यावरून निघालेलं बोलणं तो बरोबर फिरवून बसऱ्याच्या नदीवर आणून सोडायचा.

"दोन्ही काठांनी नुसती खजुराची बनं," तो हात पसरून सांगायचा. "मदनं तांबूस पानी. आपली इंद्रायनी तिच्यात कुटं हरपंल पत्ता लागायचा न्हाई. आन् बनाच्या पल्याड पाऊल टाकलं का वाळू. नजर थकंल, पर वाळू सरायची न्हाई. सांच्याला ऊन उतरलं म्हंजी सगळी झाडं पान्यात उलटी हुबी ऱ्हात्यात. टोपलीवानी गोल होड्या, त्यात मानसं बसून गरागरा फिरत पल्याड जात्यात!"

लोक माना डोलवायचे. गोल होडीवर हसायचे आणि पुन्हा तीच गोष्ट सांगायला लावायचे. लढाईला निघताना रखमाजी पाटलांनी त्याला फेटा बांधला होता, लेझीम लावून वेशीपर्यंत पोचवलं होतं. परत आला तेव्हा दुसरा फेटा. गेला होता खेचरं सांभाळायला, पण गावानं त्याला सुभेदार करून टाकलं आणि त्यानंही कधी नको म्हटलं नाही. मोठेपणा फुकट मिळत असेल तर नको म्हणणारा माणूस मावळात तरी माझ्या पाहण्यात नाही.

त्याची बायको झुंबरबाई चुलीपुढं बसून हे सगळं ऐकायची. तिला होड्यांचं कौतुक नव्हतं आणि वाळूचंही नव्हतं. तिचा जीव त्या नदीकाठच्या एका झाडात अडकला होता.

त्याचं असं झालं. हौशीराम लामावर, म्हणजे लढाईवर, असतानाच मानमोडीची साथ आली. घरोघर माणसं पडली. झुंबरबाईची एकुलती एक मुक्ता, पाच वर्षांची, तीन दिवसांच्या तापात गेली. पुढं वर्षभरानं हौशीराम परतला तो झावळ्यांच्या करंडीत खजूर घेऊन. लेकीला म्हणून आणलेला खजूर बघून झुंबरबाईनं उंबऱ्यावर डोकं आपटून घेतलं. तेव्हा तिला धरून तो म्हणाला होता, "मला बातमी कळलीती गं. त्याच दिशी नदीवर गेलो, आंगुळ केली, पोरीच्या नावानं पानी सोडलं. आन् काठाला खजुराचं एक रोप लावलं. तिचं म्हणून."

या एका वाक्यावर ती बाई जगली. पुढं तिची कूस उजवली नाही. दुसरी बायको कर म्हणून भावकीनं हौशीरामच्या मागं लकडा लावला, तर त्यानं साफ धुडकावलं. असा नवरा तालुक्यात नाही, असं बायका पाणवठ्यावर बोलायच्या आणि झुंबरबाईची मान ताठ व्हायची. दर दिवाळीला ती त्याला विचारायची, "आता केवढं झालं आसंल वं?" आणि हौशीराम हात वर करून दाखवायचा. पहिल्या वर्षी गुडघ्याएवढं. मग कमरेएवढं. मग खांद्याशी. मुक्ता असती तर लग्नाची झाली असती त्या साली त्याचा हात डोक्यावर गेला. अलीकडं तर तो घराच्या आढ्याकडं बघायचा, आणि झुंबरबाईही वर बघायची आणि तिचं मन भरून यायचं. पोर तिकडं वाढत होती, एवढंच तिला पुरे होतं.

ती लोणावळ्यात दूध घालायची. स्टेशनावर टांगा हाकणाऱ्या निजामच्या घरी तिचं रोजचं गिऱ्हाईक होतं. एका सकाळी झुंबरबाई माप ओतत असताना निजामची बायको अजीजुन्निसा म्हणाली, "भाबी, आमी बगदादला निघालो. पीरसाहेबांचा नवस हाय सासूबाईंचा. माझा भाऊ अल्लाउद्दीन मुंबईत आगबोटीच्या धंद्यात हाय, सगळं त्योच बघतोय. भाताची कापनी झाली का निघायचं."

झुंबरबाईचं माप हातातच राहिलं. "वाटंत बसरा लागतं का गं?"

"लागतं म्हंजी? आगबोट तितंच तर लागती. बसऱ्याला उतरायचं आन् फुडं जायचं."

घरी येईपर्यंत झुंबरबाईनं ठरवून टाकलं होतं. जन्मात मावळाच्या बाहेर न गेलेली बाई, पण ठरवताना तिला क्षणभरही भीती वाटली नाही.

हौशीरामला तिनं सांगितलं तेव्हा तो भाकरी मोडत होता. तुकडा ताटात ठेवून म्हणाला, "येड लागलंय का तुला? तितला वारा म्हंजी भट्टी. जळून जाशील."

"हिवाळ्यात जायचं हाय. हिवाळ्यात थंडी आसती, तुमीच म्हनत हुता."

दुसऱ्या दिवशी त्यानं धर्म काढला. मुसलमानाच्या संगतीनं समुद्र ओलांडायचा, लोक काय म्हणतील? झुंबरबाई म्हणाली, शिधा आपला वेगळा, चूल वेगळी. आणि समुद्र तर तुम्ही एकदा ओलांडलाच आहे, तेव्हा गावानं फेटा बांधला होता. मग त्यानं नोकरी पुढं केली, तर बंगल्याच्या शेटनं रजा देऊन वर पाठ थोपटली. प्रत्येक वेळी हौशीराम एक दार लावायचा आणि झुंबरबाई ते उघडून त्याच्यापुढं उभी राहायची. बाई भोळी खरी, पण अडणारी नव्हती.

गावाला कळल्यावर तर विचारूच नका. पार दुथडी भरून वाहायला लागला. रखमाजी पाटील म्हणाले, "सुभेदार, बायकूला लढाईचं रान दावाया निघालास. लाखात एक मानूस!" कुणी खजूर सांगितला, कुणी तिकडची वाळू पुडीत बांधून आणायला सांगितली. एका म्हातारीनं विचारलं, त्या गोल होडीत बसताना लुगडं कसं सावरायचं? सगळे हसले. हौशीरामही हसला, पण चेहरा असा की कुणी त्याच्या छातीवर पाय देऊन उभं आहे. फक्त त्याचा धाकटा भाऊ महिपती गप्प होता. झुंबरबाईनं त्याला प्रवासाचं काही विचारलं की तो गोठ्यात काम निघाल्यासारखा उठून जायचा.

झुंबरबाईची तयारी मात्र जोरात चालली होती. चटणी कुटली, शेंगा भाजल्या, वाळवून टिकतील अशा दशम्या कशा करायच्या ते शेजारणीला विचारून घेतलं. एका गडव्यात इंद्रायणीचं पाणी भरून त्याचं तोंड फडक्यानं बांधलं. ते झाडाच्या मुळाशी घालायचं होतं. हिरव्या खणाचा एक तुकडा बुंध्याला बांधायला घेतला. नदीवर बायकांना आंघोळीला आडोसा असतो का, काठाला पायऱ्या आहेत की चिखल, झाड उतारापासून किती लांब, ती एकेक विचारत राहायची आणि हौशीराम उत्तरं देत राहायचा. त्याला उत्तरं द्यायची इतकी सवय झाली होती की त्यानं काठाला पायऱ्या आहेत म्हणूनही सांगून टाकलं.

शेवटी एकदा तो म्हणाला, "आगं, तितं पूर येतो. इतक्या वर्सांत झाड वाहून बी गेलं आसंल."

झुंबरबाईनं त्याच्याकडं बघितलं. त्याचे डोळे पाण्यानं भरलेले होते. आणि त्या भाबड्या बाईला वाटलं, आता कळलं सगळं. याला झाड बघवायचं नाही, म्हणून हे चाललंय. बापाचं काळीज. ती त्याच्याजवळ सरकली आणि म्हणाली, "झाड न्हाई तर जागा तर आसंल? तुमी जवळ यिऊ नगा. लांबनं बोट दावा नुसतं. मी एकलीच जाईन."

हौशीराम उठून अंगणात गेला. ती त्याच्या पाठीकडं बघत राहिली. माणसाला एवढी माया असावी, असं तिच्या मनात आलं.

भात खळ्यावर आलं. झुंबरबाईनं म्हैस विकायची ठरवली. घरात तिची स्वतःची म्हणावी अशी तेवढीच एक वस्तू होती. शिरगावहून तिचा भाऊ भिमाजी येऊन म्हैस सोडून घेऊन गेला. लळा लागलेलं जनावर, वळून वळून बघत गेलं. झुंबरबाई खळ्यात पदरानं डोळे पुसत उभी होती. भरदुपार होती, बाकीची माणसं जेवायला गेली होती. हौशीराम मळणीच्या खांबाला टेकून बसला होता. तो एकदम म्हणाला, "म्हस उगा इकलीस. तितं झाड न्हाई."

"न्हाई तर न्हाई. जागा—"

"मी लावलंच न्हवतं."

इतक्या वर्षांचं वाढलेलं झाड एका वाक्यानं पडलं, तरी तिनं ते सोसलं. सोसायची तिला सवय होती. ती खाली बसली आणि त्यालाच समजावायला लागली. "लामावरचं जगनं. कुटनं सवड मिळनार? मला बरं वाटावं म्हून बोललात. आसू द्या. नदी तर हाय ना? जितं तिच्या नावानं पानी सोडलं ती जागा दावा. मला तेवढं बास."

इथं हौशीराम सुटला होता. हो म्हणायचं आणि कुठल्याही काठावर बोट ठेवायचं, एवढंच काम होतं. पण आगबोटीत बसून जायचं कुठं, उतरायचं कुठं, वाट विचारायची कुणाला, यातलं त्याला काडीइतकं माहीत नव्हतं. आणि ती समोर बसून त्यालाच माफ करत होती, ते त्याला सोसेना.

"मी गेलोच न्हाई," तो म्हणाला.

"कुटं?"

"बसऱ्याला. मुंबैला डाक्टरानं पोट दाबून बघितलं. पोटातली पानथरी वाढलीया म्हनला, आन् लायनीतनं बाजूला काढलं. बाकीचे बोटीत चढले. मी धक्क्यावर." तो मान खाली घालून भराभर बोलत होता, जणू थांबला तर पुन्हा तोंड उघडणार नाही. "गावानं लेझीम लावून धाडलं हुतं. पाटलानं फेटा बांधला हुता. कंच्या तोंडानं माघारी येऊ? म्हनलं, चार म्हैनं काडू. गोदीत हमाली धरली. बसऱ्याचा खजूर तितंच उतरायचा. लामावरची मानसं तितंच उतरायची. त्येंच्याकडनं ऐकलं समदं. चार म्हैनं म्हनता म्हनता लढाई सरंपातूर ऱ्हायलो."

झुंबरबाईला पहिल्यांदा काहीच कळलं नाही. गोल होड्या आठवल्या, पाण्यात उलटी उभी राहिलेली झाडं आठवली. मग हळूहळू एकच प्रश्न वर आला.

"मंग मुक्ता गेली तवा तुमी मुंबैला हुता?"

त्यानं मान हलवली.

"तुमाला कळलं कवा?"

हौशीराम खळ्यातली एक काडी उचलून मोडायला लागला.

"कळलं कवा, म्हन्ते मी!"

"महिपती आलता. मी मुंबैला हाय त्ये त्याला ठावं हुतं. तू त्याला तार कराया पुन्याच्या छावनीत धाडलंतंस, त्यो तितं न्हाई गेला. माज्याकडं आला. पोर तापानं फनफनलीया, चल म्हनला." त्यानं पालथ्या हातानं नाक पुसलं. "मी म्हनलं, पोरं तापत्यात. हुईल बरी. आन् आलो आस्तो तर समद्यांनी बघितलं आस्तं गं. बसऱ्याचा मानूस यका दिसात कसा आला, इच्यारलं आस्तं."

म्हणजे पोर जिवंत होती तेव्हाच त्याला कळलं होतं. त्या तीन दिवसांत मुक्तानं दुसरं काही मागितलं नव्हतं. पेज नको, पाणी नको, बा पाहिजे. दार वाजलं की डोळे उघडायची. आणि झुंबरबाई तिला सांगत होती, "बा लय लांब हाय, माजी बाय. समुद्राच्या पल्याड. तितनं येता येत न्हाई." शेवटी शेवटी तर कंटाळून ती पोरीवर खेकसली होती, येत नाही म्हणून सांगितलं ना, मग का हाका मारतेस? त्यानंतर मुक्तानं हाक मारली नाही. पोरीनं आईवर विश्वास ठेवला आणि गप्प झाली.

या खेकसण्याचं तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आपण पोरीला तोडून बोललो, पण खरं तेच बोललो, एवढी एक समजूत तिनं मनाशी घट्ट धरून ठेवली होती. आता तेही राहिलं नाही. या माणसानं मरणाऱ्या लेकराशी खोटं बोलायला तिला लावलं होतं.

"तू," ती म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं त्याला एकेरी हाक मारली. शिव्या तिला येत नव्हत्या असं नाही. त्या पुरणार नव्हत्या.

हौशीरामनं हात जोडले. आता हा माणूस काय बोलेल? पोरीची माफी मागेल, बायकोचे पाय धरेल? तो म्हणाला, "तेवढं गावाला सांगू नगंस."

झुंबरबाई उठली, लुगड्याला लागलेलं भाताचं पळिंज झटकलं आणि घराकडं गेली.

ती कुणाला काही बोलली नाही. महिपती समोर आला तर त्याच्याकडं तिनं अशी नजर टाकली की तो मागच्या मागं वळला. निघायच्या दिवशी पहाटे उठून तिनं चार भाकरी थापल्या, फडक्यात बांधल्या आणि स्टेशनावर गेली. गावाला वाटलं, सुभेदार मागून येतोय. सुभेदार घरात दार लावून बसला होता.

निजाम सामान चढवत होता. "हौशीरामभाऊ कुटं हायेत, भाबी?"

"ते न्हाई येत. त्यांनी समदं बघितलंय." मग ती म्हणाली, "मी बी बसऱ्याला न्हाई येत, निजामभाऊ. आल्लाउद्दीनला सांगा, आमचं ऱ्हाऊ दे. मी तुमाला मुंबैपातूर पोचवाया येते."

निजाम बुचकळ्यात पडला. अजीजुन्निसानं तिचा चेहरा बघितला आणि नवऱ्याला डोळ्यांनीच गप्प केलं. तिनं झुंबरबाईला खिडकीजवळ जागा करून दिली.

गाडी घाट उतरली. बोगदे आले, गेले. झुंबरबाई बाहेर बघत होती, पण तिचं बघण्यात लक्ष नव्हतं. ती वाट बघत होती, आता खूप वेळ लागेल, आता डोळा लागेल, आता रात्र होईल. कर्जत आलं, कल्याण आलं. निजामची म्हातारी आई कोपऱ्यात जप करत बसली होती, तिची एक माळही धड झाली नसेल, तोवर गाडीचा वेग कमी झाला, मोठं छप्पर वर आलं आणि माणसं सामान उचलायला लागली.

"काय झालं?" झुंबरबाईनं विचारलं.

"आलं की, भाबी. बोरीबंदर."

"मुंबै?"

"मुंबैच."

ती फलाटावर उतरली. दुपार अजून डोक्यावर होती. निजाम हमालाशी घासाघीस करून आला तरी ती तिथंच उभी होती, गाडीला हात लावून.

"निजामभाऊ, ही गाडी रोज आसती?"

"रोज. दिसातनं लय गाड्या हायेत की."

"मानमोडीच्या सालाला बी हुत्या?"

"गाड्या? माज्या आज्याच्या टायमापासनं हायेत, भाबी. का वं?"

अजीजुन्निसानं तिला एका ट्रंकेवर बसवलं आणि काहीतरी खाऊन घ्यायला सांगितलं. झुंबरबाईनं मांडीवर फडकं सोडलं. वरची भाकरी उचलली. पहाटे भुशीत तव्यावरून उतरलेली भाकरी मधोमध अजून मऊ होती, बोट टेकलं तर दबत होती. ती भाकरी दोन्ही हातांत धरून झुंबरबाई भरल्या फलाटावर मोठमोठ्यानं रडायला लागली, आणि अजीजुन्निसाला वाटलं, बसरा बघायचं राहिलं म्हणून रडते आहे.